जावयाचे मूळ गाव : क्रीश्लॉक, डोनेगल

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची ठरली आणि संपादक मंडळाने सगळ्यांना फॉर्म पाठवले. सासरी गेलेल्या मुलींसाठी त्यात जावयाच्या घराण्याचे वेगळे रकाने आहेत : आडनाव, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, पूर्वापार व्यवसाय, स्थलांतराचा तपशील. माझा नवरा आयरिश आणि आडनाव स्वीनी. पहिल्या रकान्याच्या पुढे गाडी सरकेना. सांगलीला काकांना फोन करून विचारलं, मूळ गाव डब्लिन लिहू का? काका म्हणाले, “डब्लिन हे नोकरीचं गाव झालं गं. मूळ गाव विचारलंय.”

नवऱ्याला विचारलं, तर तो चहा ढवळत म्हणाला, “डोनेगल. आम्ही गॅलोग्लास.” डोनेगल हा आयर्लंडच्या वायव्येकडचा जिल्हा, आणि गॅलोग्लास म्हणजे मध्ययुगातले कुऱ्हाड चालवणारे भाडोत्री शिपाई. एवढ्यावर त्याची माहिती संपली. सासरे आता नाहीत. त्यांची थोरली बहीण क्रीश्लॉकजवळच्या जुन्या घरात राहते. तिला मी तिकडच्या पद्धतीप्रमाणे नावानेच हाक मारते, मनात मात्र ती आत्याच आहे. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर आणि स्मरणशक्ती अशी की आपणच जपून बोलावं.

आडनावाचा इतिहास मिळायला काही त्रास पडला नाही. स्वीनी हे गेलिक (आयरिश) भाषेतल्या ‘मॅक स्विव्ने’चं इंग्रजी रूप, म्हणजे स्विव्नेचा वंश. गंमत अशी की हा स्विव्ने आयर्लंडचा नव्हेच. साधारण १२०० च्या सुमारास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्गाइलमधल्या नॅपडेलमध्ये तो सरदार होता. त्याच्या नावाचा कॅसल स्वीन अजून उभा आहे आणि स्कॉटलंडमधल्या सर्वांत जुन्या दगडी किल्ल्यांत त्याची गणना होते. १२६० च्या दशकात ही जहागीर स्ट्युअर्ट घराण्याच्या हातात गेली. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला स्विव्नेच्या वंशजांनी गलबतं घेऊन किल्ला परत मिळवायची धडपड केली, ती फसली. मग मंडळी समुद्र ओलांडून डोनेगलला आली आणि तिथल्या ओडॉनेल राजांच्या पदरी राहिली. फॅनड, डो आणि बॅनाह अशा त्यांच्या तीन शाखा झाल्या. शिपायांना रोख पगार फारसा नसे. रयतेच्या घरी राहायचं, तिथेच जेवायचं आणि सरदाराने जमीन कसायची नव्हे तर राखायची, असा करार. रयतेला हे पाहुणे किती आवडत असतील याची कल्पना करता येते.

फॅनडच्या मॅकस्वीनींच्या घरात १५१३-१४ मध्ये सरदाराच्या बायकोसाठी एक हस्तलिखित तयार झालं. धार्मिक मजकुराचं ते पुस्तक, त्यात पुढे घराण्याचा इतिहासही लिहिला गेला. आज ते डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आहे. म्हणजे कुलवृत्तांताची हौस यांनाही पाचशे वर्षं जुनी, हे कळल्यावर काका खूश झाले. त्या परंपरेप्रमाणे हे लोक मुळात आयर्लंडचेच, उई नील राजवंशातले. अकराव्या शतकात त्यांच्यातला एक राजपुत्र स्कॉटलंडला गेला, तिथल्या राजकन्येशी लग्न केलं आणि त्याचेच वंशज दोनशे-अडीचशे वर्षांनी घरी परतले. मला हे जरा जास्तच सोयीचं वाटतं. परमुलखातून कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला नव्या गावात जमीन राखायची असेल, तर ‘आम्ही इथलेच’ म्हणणारी वंशावळ हवीच असते, आणि वंशावळ लिहिणाऱ्याचं पोट लिहून घेणाऱ्याच्या हातात असतं.

ही नोकरी साधारण तीनशे वर्षं चालली. सप्टेंबर १६०७ मध्ये अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातले गेलिक सरदार रॅथमलनच्या बंदरातून जहाजात बसून युरोपला निघून गेले. त्यानंतर इंग्रज सरकारने त्यांच्या जमिनी जप्त करून इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटल्या. कुऱ्हाडीला गिऱ्हाईक उरलं नाही. स्वीनी नावाचे लोक त्याच डोंगरांत राहिले, पण आता कुणाची तरी कुळं म्हणून.

एक फांदी त्याआधीच दक्षिणेला कॉर्ककडे, मॅकार्थी सरदारांच्या चाकरीत गेली होती. कॉर्कचे महापौर आणि स्वातंत्र्यसैनिक टेरेन्स मॅकस्विनी त्या भागातले. लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबर १९२० ला ते गेले. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवस उपोषण करून १९२९ मध्ये गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरून भारतात शोकसंदेश आला होता. काकांना जतीन दास चांगले आठवत होते, त्यामुळे ते लगेच म्हणाले, “मग हे जावईबापूंचे भाऊबंदच की. घाल वृत्तांतात.” घातलं नाही. डोनेगलचे आणि कॉर्कचे स्वीनी यांची ताटातूट होऊनच पाच-सहाशे वर्षं झाली. आडनाव एक म्हणून भाऊबंद म्हणायचं तर सगळे कुलकर्णी एका घरचे निघतील.

आडनावाचा इतिहास असा सापडतो तेव्हा मोह होतो, की झालं काम. आत्याच्या घरापासून डो कॅसल अगदी जवळ आहे. शीपहेवनच्या खाडीत पाणी तीन बाजूंनी वेढून घेतं असा किल्ला. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार फुटल्यावर किनाऱ्याला लागलेल्या खलाशांना तिथल्या मॅकस्वीनीने आसरा दिला होता. आत एक कोरीव थडग्याचा दगड आहे. पर्यटकांच्या दुकानात स्वीनी घराण्याचं मानचिन्ह छापलेले चहाचे मगही मिळतात. खरं तर असं मानचिन्ह एका माणसाला दिलेलं असतं, आडनावाच्या सगळ्या लोकांना नाही, पण दुकानदाराला हे सांगून काय उपयोग? नवऱ्याने एक मग विकत घेतला. माझ्या फॉर्मला तो पुरेसा नव्हता. किल्ला आडनावाचा होता. मला घर हवं होतं.

घर शोधायचं तर उलटं चालावं लागतं : माहीत असलेल्या माणसापासून मागे. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट. गावाचं एकक तिथे टाउनलँड. आपल्या वाडीएवढं किंवा त्याहूनही लहान, आणि अशी साठ हजारांहून जास्त. आत्याच्या टाउनलँडमध्ये घर लगेच सापडलं. खापरपणजोबा, खापरपणजी, मुलगा, सून, आणि एक वर्षाचं बाळ, म्हणजे माझे आजेसासरे. (नावं इथे देत नाही. घरातली माणसं अजून आहेत, आणि तशीही प्रत्येक पिढीत तीच तीन नावं फिरत राहतात.) भाषेच्या रकान्यात म्हाताऱ्यांपुढे ‘आयरिश’, मुलगा-सुनेपुढे ‘आयरिश आणि इंग्लिश’. पोलिसाने भरलेल्या दुसऱ्या कागदावर घराचं वर्णन : छप्पर गवती, दोन खोल्या, समोर दोन खिडक्या, एक गोठा. १९११ मध्ये लग्न झालेल्या बायकांना आणखी एक प्रश्न होता : किती मुलं जन्मली, किती हयात आहेत. खापरपणजीच्या ओळीत नऊ आणि पाच.

त्याच कागदात एक विनोद दडला होता. खापरपणजोबांचं वय १९०१ मध्ये ५८ आणि १९११ मध्ये ७३. दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला माणूस पाहून मला वाटलं दोन वेगळे लोक आहेत. पण बायको तीच, घर तेच. उलगडा नंतर झाला. १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढच्या गरिबांना पेन्शन मिळू लागली, जानेवारी १९०९ पासून. जन्मनोंदी सरकारदरबारी १८६४ पासूनच्या, त्यामुळे सत्तरीचा सरकारी दाखला कुणाकडेच नव्हता. मग ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आलेलं प्रचंड वादळ तुम्हाला आठवतं का, असं विचारत. ज्याला आठवतं तो सत्तरीचा. त्या वर्षी आयर्लंडभर वादळ आठवणारे म्हातारे भराभर निघाले. आत्याला हे सांगितलं तर ती ठामपणे म्हणाली, “१९११ चं वय बरोबर आहे. १९०१ ला पोलिसाने चुकीचं लिहिलं.” शंभर वर्षांनीही पेन्शनच्या बाजूने साक्ष.

१९०१ च्या मागे मात्र एकदम अंधार. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दप्तरखान्यात होते. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, ३० जून १९२२ ला, स्फोट आणि आगीत ते गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारने स्वतःच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्याला गेले. आगीचं सगळ्यांना माहीत असतं. लगद्याचं ऐकून मला जास्त राग आला. चर्चच्या नोंदी नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ऑनलाइन टाकल्यात खऱ्या, पण डोनेगलमधल्या बऱ्याच पॅरिशच्या वह्या १८५०-६० च्या आसपासच सुरू होतात. खापरपणजोबांचा जन्म त्याआधीचा. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव मिळालं, आईचं नाही.

आता या वडिलांना शोधायचं. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथच्या हाताखाली साऱ्या आयर्लंडच्या जमिनीचं मूल्यांकन झालं. घरोघरचा कब्जेदार, जमीनमालक, एकर आणि कर असं सगळं छापील. जनगणना जळाल्यामुळे आज हीच यादी लोकांची काशी झाली आहे. आमच्या टाउनलँडचं पान काढलं. जमीनमालक आर्ड्सचे स्ट्युअर्ट. (नॅपडेल घेतलं तेही स्ट्युअर्टच. संबंध जोडत नाही, फक्त नोंदवते.) कुळांमध्ये सात स्वीनी, आणि त्यांतल्या दोघांचं नाव मला हवं असलेलंच. एकाच्या पुढे कंसात ‘रो’, दुसऱ्याच्या पुढे कंसात दुसऱ्याच कुणाचं पहिलं नाव. एका वाडीत एकाच नावाचे दोघे असले की मोजणीवाले अशी गावातली ओळख लिहून घेत, कुणाचा रंग, कुणाच्या बापाचं नाव. यातला आमचा कोणता, हे कागद सांगत नव्हता.

वाट सापडली ती ग्लासगोत. डोनेगल आणि स्कॉटलंडचं नातं मला तोवर कुऱ्हाडवाल्यांपुरतंच ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकात त्याच पाण्यावरून माणसं उलटी जाऊ लागली होती. मुलं आधी लेटरकेनी आणि स्ट्रबेनच्या मजूर-बाजारात उभी राहायची, मे आणि नोव्हेंबरमध्ये, सहा महिन्यांच्या बोलीवर शेतकऱ्यांकडे जायला. जरा मोठी झाली की डेरी बंदरातून बोटीने ग्लासगो, आणि तिथून बटाटे काढायला शेताशेतांत. काही हंगाम संपला की परत येत, काही तिथेच राहत. आत्याने सहज बोलता बोलता सांगितलं की तिच्या पणजोबांची एक बहीण “पलीकडे” गेली होती आणि तिचं पुढे काय झालं कुणी बोलत नसे.

घराण्याचा शोध घेणाऱ्या कुणालाही मी आता पहिली गोष्ट हीच सांगते : थेट पूर्वजावर अडकलात तर त्याची निघून गेलेली भावंडं शोधा. आयरिश मृत्युनोंदीत त्या काळी आईबापांची नावं नसत. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून मृत्युनोंदीत दोघांचीही नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. घरी राहिलेल्या भावाचे आईबाप परदेशी मेलेल्या बहिणीच्या कागदावर सापडतात.

बहिणीची मृत्युनोंद स्कॉटिश संकेतस्थळावर पैसे भरून मिळाली. तिच्यावरून मग ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत जाऊन गरीब-मदतीचे अर्ज बघितले. १८५१ पासूनचे हे अर्ज तिथे जपलेले आहेत. मदत मागणारा आयरिश असेल तर त्याला परत आयर्लंडला पाठवता येईल का हे बघायचं असे, म्हणून निरीक्षक जन्मगावापासून सगळं खोदून विचारत. त्या खोदण्यात सहानुभूती कमी आणि पालिकेचा पैसा वाचवायची काळजी जास्त, पण आज त्याच्याइतकं तपशीलवार दुसरं काही नाही.

अर्ज १८८० च्या दशकातला. जाडजूड बांधीव वही, पिवळसर जाड कागद, तिरकं घाईचं अक्षर. वय ४०, विधवा. नवरा गोदीत हमाल, छातीच्या विकाराने गेलेला. एक खोली, भाडे थकलेलं. तीन मुलं वयांसकट. जन्म : क्लोंडाहॉर्की पॅरिश, काउंटी डोनेगल. वडिलांचं नाव जुळलं. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट, इथेही होतं. शेवटी निरीक्षकाने चौकशीचा निकाल लिहिला होता, की भावाकडे लहानशी शेती आहे, तो काही देऊ शकत नाही. हा भाऊ म्हणजे आमचे खापरपणजोबा, वादळ आठवणारे. खाली बारीक अक्षरात मदतीची आठवड्याची रक्कम, आणि पुढच्या महिन्यांत ती कमी केल्याची नोंद. मी पान उलटायला बराच वेळ घेतला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने न विचारता माझ्याकडे टिश्यूचा डबा सरकवला. त्या खोलीत हे रोजचं असावं.

आईचं माहेरचं आडनाव हाती आल्यावर आत्याला फोन केला. ती म्हणाली, “हो, ती रुआ लोकांत दिलेली. आम्ही रुआच की.” रुआ म्हणजे तांबडे केस. इंग्रज कारकुनाने त्याचंच ‘रो’ केलं होतं. गावात अर्धे लोक स्वीनी, म्हणून आडनाव कुणी वापरतच नाही. घराची ओळख अशा टोपणनावाने किंवा बाप-आज्याची नावं एकामागे एक लावून. आत्याच्या मते हे सगळ्यांना माहीत होतं, मी आधी का विचारलं नाही? सात स्वीनींमधला आमचा असा सापडला : चौदा एकर, त्यातली निम्मी खडक आणि चिखल.

त्याच्याही मागे १८२०-३० च्या दशकांतली धर्मकराची वही आहे. तीत त्याच टाउनलँडमध्ये सामाईक कसणाऱ्यांत एक स्वीनी आहे, आणि नाव घराण्यातल्या तीन नावांपैकीच. तो आमचा असेलही. पण सात घरांतही तीच तीन नावं होती, त्यामुळे मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. तिथून मागे डो कॅसलच्या मॅकस्वीनीपर्यंत दोन-सव्वादोन शतकांची दरी आहे आणि तीवर पूल नाही. पैसे घेऊन तो बांधून देणारे पुष्कळ भेटतील. काकांनीही विचारलं, “मधल्या पिढ्या अंदाजाने घालता येणार नाहीत का?” मी नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले, पण फॉर्मवर ‘स्थलांतराचा तपशील’ या रकान्याला जादा पुरवणी जोडायची परवानगी दिली.

त्या पुरवणीत बरंच काही बसलं. १९११ ला हयात असलेल्या पाच मुलांपैकी एक घरी राहिला, बाकीचे ग्लासगो आणि फिलाडेल्फियात. डोनेगलची माणसं फिलाडेल्फियाला जायची याचं कारण साधं : डेरीच्या बोटी तिकडे जात, आणि आधी गेलेला पुढच्याचं तिकीट पाठवी. मकिश डोंगराच्या खिंडीतून डेरीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर एक छोटा दगडी पूल आहे, त्याला अश्रूंचा पूल म्हणतात. घरचे लोक तिथपर्यंत सोडायला येत आणि तिथून मागे फिरत. आता तिथे गेलिकमध्ये लिहिलेला दगड आहे आणि गाड्या थांबवायला जागा. आत्याला घेऊन गेले तर ती गाडीतून उतरली नाही. म्हणाली, पाऊस आहे, आणि माझ्या आजोबांची भावंडं आगगाडी आल्यानंतर गेली, ती क्रीश्लॉक स्टेशनवरून. तेही खरंच.

गोत्राच्या रकान्यात ‘रुआ’ लिहिलं. कुलदैवताच्या रकान्यात काकांच्या आग्रहाने संत कोलमकिल. तो डोनेगलचाच, सहाव्या शतकातला, आणि त्यानेही आयर्लंडहून स्कॉटलंड गाठलं होतं. व्यवसाय : शिपाईगिरी, नंतर शेती व मजुरी, नंतर शिक्षक.

सगळ्यात उपयोगी कागद मात्र शेवटी हाती आला. ग्रिफिथच्या मोजणीनंतर कब्जेदार बदलला की कारकून वहीत जुनं नाव खोडून वर नवं लिहीत, बाजूला साल टाकत, आणि दर खेपेला शाई वेगळी. आपल्याकडच्या फेरफार नोंदीसारखंच. डब्लिनला त्या वह्यांतलं आमचं पान बघितलं : काळ्या शाईतला रुआ, त्यावर लाल रेघ, लाल शाईत त्याची विधवा, निळ्या शाईत वादळवाले खापरपणजोबा, हिरव्यात त्यांचा मुलगा. मग एक शिक्का, जमीन कायद्याखाली खरेदी केल्याचा. स्ट्युअर्टांचं नाव मालकाच्या रकान्यातून त्या दिवशी गेलं आणि कुळ मालक झालं.

रंगीत प्रत काढून आत्याकडे नेली. तिने भिंगाखाली पान धरलं, सरदार, कॅसल, गॅलोग्लास वगैरे माझं बोलणं हाताने थांबवलं आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओढ्याकडचा तुकडा, १९२० च्या दशकात जांभळ्या शाईत शेजाऱ्याच्या नावावर गेलेला. “हे आमचं होतं,” ती म्हणाली. “माझ्या आजोबांनी त्याला एका हंगामापुरतं बटाटे लावायला दिलं होतं. बोलीवर. खरेदी कधी झालीच नाही.” बाकीची पानं तिने मला परत दिली. ती एक प्रत ठेवून घेतली, आणि शेजाऱ्याच्या नातवाला वाचता येईल अशा मोठ्या आकारात आणखी एक काढून रविवारच्या आधी पाठव म्हणाली.